बिडाच्या तव्याचं काय करायचं?

गेल्या अंकात आम्ही म्हटलं होतं की स्वयंपाकघरातल्या भांड्यांबद्दल काहीही विचारा, तर बहुतेकांनी बिडाबद्दलच, म्हणजे ओतीव लोखंडाच्या भांड्यांबद्दलच विचारलं. नॉनस्टिकचं कोटिंग निघायला लागलं की लोक बिडाकडे वळतात, आणि वळल्यावर पहिलंच घावन तव्याला चिकटलं की परत नॉनस्टिककडे पळतात, असं सगळं चाललेलं दिसतंय. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतेय.

ताई, आम्ही ठाण्यात नवीन संसार थाटलाय. ऑनलाइन बिडाचा अख्खा सेट दिसतोय, तवा, कढई, तडका पॅन, आप्पेपात्र, ग्रिल पॅन सगळं एकत्र. घेऊन टाकू का? आणि दुकानदार म्हणतो लोखंडी काय नि बिडाचं काय, एकच. खरंय का?

सेट घेऊ नका. सेटमधली दोन भांडी रोज वापरात येतात आणि बाकीची ओट्याखाली गंजत बसतात, आणि ग्रिल पॅन तर मी कुणालाच सुचवत नाही, त्या उभ्या पट्ट्यांमधलं करपलेलं खरवडताना जीव जातो. आधी एक तवा घ्या, १० इंची, त्यावर घावन, धिरडी, थालीपीठ, काचऱ्या, मासे सगळं करा दोन-तीन महिने, आणि मग वाटलं तर कढई. १० इंची तवा साधारण दोन किलोच्या आसपास भरतो, १२ इंची तीनच्या पुढे जातो, म्हणून शक्य असेल तर दुकानात जाऊन एका हाताने उचलून बघा. रिकामं उचलताना मनगट कुरकुरत असेल तर भाजी भरलेली कढई तुम्ही रोज उचलणार नाही हे नक्की समजा.

दुकानदाराचं म्हणाल तर नाही, एकच नाही. बीड म्हणजे ओतीव लोखंड, त्यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो, आणि आपण ज्याला लोखंडी तवा म्हणतो तो पत्र्याचा असतो, त्यात कार्बन पाव टक्क्याच्या आतबाहेर. एवढ्याशा फरकाने स्वभाव पार बदलतो. लोखंडी तवा पडला तर पोचा येतो, बिडाचा पडला तर तुटतो. लोहचुंबक लावून बघतात काही जण, त्याचा उपयोग नाही, दोन्हीला चिकटतं. नजरेने ओळखा: बीड जाड असतं, दाणेदार दिसतं कारण ते वाळूच्या साच्यात ओतलेलं असतं, आणि मूठ बहुतेक वेळा अंगचीच असते, रिबिट मारून बसवलेली नसते. इंग्लंडच्या अब्राहम डार्बीने वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतायचं पेटंट १७०७ साली घेतलं होतं, मुळात पद्धत आजही तीच आहे.

घेताना तवा सरळच सपाट फरशीवर ठेवा आणि कडेला बोट दाबा, डुगडुगला तर तो काचेच्या शेगडीवर बसणार नाही. अर्थात मुद्दाम खोलगट केलेल्या तव्याला हे लागू नाही. हाताने अधांतरी धरून बोटाच्या पेराने टिचकी मारा, खणखणीत वाजला पाहिजे, बद्द आवाज आला तर कुठेतरी भेग असू शकते. आतून थोडा खरखरीत असला तरी चालतं, हळूहळू गुळगुळीत होतो, पण टोचणारे खडे किंवा खोल छिद्रं असतील तर नको. आणि ऑइलपेंट मारल्यासारखा चकचकीत काळा असेल तर जरा संशय घ्या, तेलाच्या फडक्याने जोरात पुसून बघा, फडक्यावर थोडा तपकिरी-काळपट रंग येणं नॉर्मल आहे पण रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर सोडून द्या.

पोळ्यांसाठी मात्र मी अजूनही पातळ लोखंडी तवाच वापरते. बीड उशिरा तापतं आणि गॅस बारीक केला तरी लगेच थंड होत नाही, त्यामुळे दहा पोळ्यांनंतर करपायला लागतात. काही घरी बिडावरच पोळ्या होतात आणि सुंदर होतात, पण त्यांचा हात बसलेला असतो.

सावंतवाडीजवळच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर आजीचा घावनाचा तवा सापडला. पूर्ण गंजलाय, लाल पावडर पडतेय. आई म्हणते भंगारात दे. वाचेल का?

आईला सांगा थांब जरा. भेग नसेल तर तवा वाचतो, गंज वरवरचाच असतो बहुतेक वेळा.

आधी तारेच्या घासणीने कोरडाच घासा, सुटा गंज सगळा झाडून टाका. मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून त्यात तवा बुडवा, पण अर्धा तासच, आणि मधे मधे काढून घासून बघा. रात्रभर ठेवायचा मोह होतो, ते करू नका, कारण गंज संपला की आम्ल खालच्या लोखंडालाच खायला लागतं. हार्डवेअरच्या दुकानातलं गंज काढायचं लिक्विड खाण्याच्या भांड्याला नको. मग साबणाने स्वच्छ धुवा, पुसा आणि लगेच गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा करा. लगेच म्हणजे लगेच, कारण उघडं पडलेलं करडं लोखंड बघता बघता परत नारिंगी होतं, कोकणातल्या हवेत तर विचारूच नका.

आता तेल. कोमट तव्याला आतून, बाहेरून, मुठीला, सगळीकडे तेलाचा हात फिरवा आणि मग कोरड्या सुती फडक्याने ते तेल पुसून काढा. हो, पुसून काढा, तवा जवळजवळ कोरडा दिसायला पाहिजे. इथेच बहुतेकांचं बिघडतं, तेल जास्त राहिलं की तवा चिकट होतो आणि मग लोक म्हणतात सीझनिंग, म्हणजे हे तेल चढवणं, जमलं नाही. मग मध्यम आचेवर धूर येईपर्यंत तापवा, धूर कमी झाला की गॅस बंद, थंड होऊ द्या, परत तेल, परत पुसणं, परत धूर. असं तीन-चार वेळा. गॅसवर मधला भाग जास्त तापतो म्हणून तवा सरकवत राहा, कडांनाही आच मिळाली पाहिजे. घरात ओटीजी असेल आणि तवा मावत असेल तर पालथा घालून २३० ते २५० डिग्रीला तासभर, आणि तसाच आत थंड होऊ द्यायचा, हे सगळ्यात एकसारखं होतं. खिडक्या मात्र उघड्या ठेवा.

यात होतं काय, तर पातळ तेल तापून त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि लोखंडावर एक घट्ट थर बनतो. तो थर म्हणजे तेलकटपणा नाही, तो पुसून जात नाही. सगळी तेलं सारखी गुंतत नाहीत. तुमच्याकडे खोबरेल हाताशी असेल, पण खोबरेल आणि साजूक तूप या कामाला फारसं उपयोगी नाही, त्यांचा तसा घट्ट थर नीट बनत नाही. शेंगदाणा तेल बरं, सूर्यफूल आणि सोयाबीन त्याहून बरं, आणि माझ्या मते आपल्याकडचं करडईचं तेल सगळ्यात छान. मराठवाडा-सोलापूरकडच्या वाचकांना हे घरातच मिळेल, उगाच महागडं सीझनिंग मेण मागवू नका.

तवा तयार झाल्यावर लगेच घावन घालू नका, चिकटेल. आधी काही दिवस काचऱ्या करा, भरपूर तेलावर कांदा परता, पापड तळा. मग घावन. आणि रोज तव्याला तेल लावायला अर्धा कांदा किंवा नारळाची शेंडी तेलात बुडवून वापरतात ना, ते सोडू नका, त्याने तेल पातळ आणि सगळीकडे सारखं लागतं, तेवढंच हवं असतं.

यवतमाळहून: सगळीकडे वाचलं की जवसाचं तेल सीझनिंगला बेस्ट. आमच्याकडे जवस घरचंच, म्हणून लावलं. सुरुवातीला तवा आरशासारखा झाला, आता काळे पापुद्रे निघताहेत. पोटात गेले तर?

एखादा पापुद्रा पोटात गेला तर घाबरू नका, पण मुद्दाम खाऊही नका. जवसाचं तेल फार कडक वाळतं, म्हणूनच तर चित्रकार ते तैलरंगात वापरतात, पण तो थर कडक असतो तसाच ठिसूळही असतो, तवा तापला-निवला की लोखंड प्रसरतं-आकसतं आणि वरचा थर तडकतो. सुटे पापुद्रे तारेच्या घासणीने काढा, घट्ट बसलंय ते राहू द्या आणि वरून करडई किंवा सूर्यफुलाचे दोन थर द्या. जवसाची चटणी करा.

आप्पेपात्र बिडाचं आहे, सासूबाईंचं. मधले आप्पे करपतात, कडेचे कच्चे राहतात आणि काढताना सगळ्यांचाच चुरा. मैत्रिणी म्हणतात नॉनस्टिक घे. (सोलापूर)

मैत्रिणींचं ऐकायच्या आधी एवढं करून बघा. बिडातून उष्णता फार हळू पसरते, ॲल्युमिनियमच्या साधारण पाव पटच, म्हणजे बर्नर जिथे आहे तिथलंच आधी तापतं आणि कडेच्या खळग्यांपर्यंत आच पोचायला वेळ लागतो. बीड सगळीकडे सारखं तापतं असं जे म्हणतात ते खरं नाही, ते सारखं *तापवावं* लागतं. म्हणून आप्पेपात्र रिकामंच बारीक गॅसवर पाच-सात मिनिटं ठेवा, मधे थोडं फिरवा, मग प्रत्येक खळग्यात तेलाचा थेंब, आणि तेल तापल्यावर पीठ. कडेच्या खळग्यांत आधी घाला, मधल्यात शेवटी. उलटताना आणि काढतानाही हाच क्रम.

आणि घाई नको. खाली खरपूस पापुद्रा धरला की आप्पा स्वतःच सुटतो, सुईने किंवा चमच्याने कडेने हलकं ढोसा, हलला नाही तर अजून एक मिनिट द्या, उकरू नका. गोड आप्पे करायचे असतील तर ते शेवटच्या घाण्याला, गूळ चिकटतो आणि करपतो, मग त्यानंतरचे तिखट आप्पे पण चिकटतात.

एवढं करूनही चिकटत असेल तर खळग्यांत जुनं करपलेलं तेल साठलेलं असेल. ते घासून काढून वर सांगितलंय तसं नव्याने तेल चढवावं लागेल, खळगे असल्यामुळे कंटाळवाणं काम आहे हे मान्य.

बिडाला साबण लावायचा नाही ना? आमच्या मावशींनी एक दिवस तवा तारेने घासून चकाचक पांढरा करून ठेवला, मला रडूच आलं. (पुणे)

मावशींना काय सांगणार, भांडं चकाचक करणं हेच तर त्यांचं काम. एक तर तवा भांड्यांच्या ढिगात टाकूच नका, किंवा टाकलात तर सांगून ठेवा. झालेलं नुकसान मोठं नाही, तेलाचे दोन-तीन थर दिले की परत येतो.

साबणाचं मात्र उगाच भूत झालंय. जुन्या काळी साबणात कॉस्टिक सोडा असायचा, त्याने थर निघायचा, आजच्या डिशवॉश लिक्विडच्या दोन थेंबांनी काही होत नाही. वडीचं मात्र बघा, तिच्यात खरखरीत पावडर असते, ती रोज घासली की थर झिजतो. रोजचं म्हणाल तर कोमट तव्यावर गरम पाणी, काथ्याने घासा, चिकटलं असेल तर जाडं मीठ टाकून घासा, पुसा, गॅसवर दोन मिनिटं, तेलाचा पुसटसा हात. बांगड्याचा वास राहिला असेल तरी हाच उपाय, आणि तवा थोडा जास्त वेळ तापवायचा. भिजत घालायचं नाही आणि डिशवॉशरमध्ये तर कधीच नाही.

माझं हिमोग्लोबिन कमी आलंय. शेजारच्या काकू म्हणतात बिडाच्या कढईत आमटी कर, गोळ्यांची गरज नाही. पण आमटी केली तर काळी झाली आणि चव धातूसारखी लागली. करू का नको?

गोळ्या बंद करू नका, हे आधी. कढई ही जोड आहे, औषध नाही, आणि हिमोग्लोबिन कशामुळे कमी झालंय ते डॉक्टरच सांगतील.

पण काकूंचं अगदीच चूक नाही. बिडातून अन्नात लोह उतरतं हे मोजलेलं आहे. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोखंडी भांड्यात वेगवेगळे पदार्थ शिजवून बघितले, तर सफरचंदाच्या आंबट गरात १०० ग्रॅममागे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी लोह होतं ते सात मिलिग्रॅमच्या वर गेलं. इथिओपियात लहान मुलांवरचा एक अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, वर्षभर लोखंडी भांड्यात जेवण शिजवलेल्या घरांतल्या मुलांचं हिमोग्लोबिन सरासरी १.७ ग्रॅमने वाढलं आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यावाल्यांचं ०.४ ने. आपल्याकडे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या आणि बायकांना रोज २९ मिलिग्रॅम लोह हवं असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) सांगते, तेव्हा हा फायदा सोडायचं कारण नाही.

फक्त तो कुठे मिळतो ते समजून घ्या. पदार्थ ओला, आंबट आणि जास्त वेळ शिजणारा असेल तर लोह उतरतं. घावन-थालीपीठात फारसं नाही, आणि तवा जितका मुरलेला तितकं कमी. म्हणजे गंमत अशी की ज्या पदार्थाने लोह मिळतं त्याच पदार्थाने थर खराब होतो आणि चव बिघडते. चिंच-कोकमाची आमटी बिडात तासभर उकळली तर ती काळी होणारच. वांगी, कच्ची केळी, केळफूल यांची भाजी काळी पडते ती वेगळ्या कारणाने, त्यांच्यातल्या तुरट द्रव्यांचा लोखंडाशी संयोग होतो, पूर्वी शाई याच तत्त्वावर करायचे.

मी काय करते, पालेभाजी, पिठलं, उसळ कढईत शिजवते, टोमॅटो घातलाच तर शेवटी, आणि झाल्या झाल्या स्टीलच्या भांड्यात काढते. कढईत ठेवून परत संध्याकाळी गरम करणं नको. वरून लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, त्याने उलट होतं. घरात कुणाला थॅलेसेमिया असेल किंवा शरीरात लोह साठण्याचा आजार असेल तर त्यांच्यासाठी यात स्वयंपाक करायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

म्युनिकहून: इथे गॅस नाही, काचेचं इंडक्शन आहे. लॉज कंपनीचा स्किलेट, म्हणजे उभ्या कडेचा बिडाचा तवा, घेतलाय. भाकरी होईल का त्यावर? आणि धूर झाला की अलार्म वाजतो, सीझनिंग करू कसं? मित्र म्हणतो सरळ ले क्रूझे घे.

इंडक्शनवर बीड उत्तम चालतं, फक्त एकदम फुल पॉवर देऊ नका. मधला भाग झपकन तापतो आणि कडा थंडच राहतात, त्या ताणाने वाकू किंवा तडकू शकतं. कमीवर पाच मिनिटं, मग मध्यम, त्याच्या वर जायची गरज बहुतेक पडत नाही. काचेवर सरकवू नका, उचलून ठेवा, ओरखडे येतात.

लॉज ही टेनेसीतली १८९६ पासूनची कंपनी, त्यांचे स्किलेट तेल चढवूनच येतात, त्यामुळे तुम्हाला मोठं सीझनिंग करायची गरजच नाही, धुवा, तापवून कोरडं करा आणि वापरा. कधी करायचंच झालं तर ओव्हनमध्ये, खिडकी उघडून, आणि तेल खरोखर पुसून काढलं असेल तर धूर फार होत नाही.

भाकरी होते. स्किलेटची कड आडवी येते म्हणून भाकरी थोडी लहान थापा आणि हात जपून. पिठाची बाजू वर ठेवून टाका, पाणी फिरवा, पाणी सुकलं की उलटा, खालची नीट भाजू द्या, आणि शेवटी विस्तव नसल्यामुळे परत उलटून सुती फडक्याने कडेकडेने दाबा. गॅसवरच्यासारखी टम्म नाही फुगणार, पण पदर सुटतो.

ले क्रूझे फ्रान्सचं, १९२५ पासून, आणि त्यांची प्रसिद्ध रंगीत भांडी म्हणजे बिडावर काचेसारखं इनॅमल. त्यात आमटी, रस्सा, टोमॅटो बिनधास्त शिजवा, गंज नाही, तेल चढवणं नाही. पण रिकामं कडक तापवलं तर इनॅमल तडकतं, म्हणजे भाकरीला ते नको. वेगळ्या कामाचं भांडं आहे, आणि किंमत बघून मित्रालाच भेट द्यायला सांगा.

पावसाळ्यात दोन महिने घर बंद असतं. तव्याला भरपूर तेल लावून ठेवलं तर गंजणार नाही ना? मागच्या वर्षी चिकट होऊन त्याला कुबट वास आला होता. (चिपळूण)

भरपूर तेल लावल्यामुळेच आला वास. तापवून कडकडीत कोरडा करा, नेहमीसारखा पुसटसा हात द्या, परत दोन मिनिटं तापवा, आणि थंड झाल्यावर रद्दीच्या दोन-तीन कागदांत गुंडाळून वरच्या फळीवर ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत दमटपणा अडकतो. झाकण असेल तर झाकू नका, शेजारी ठेवा. आल्यावर ठिपक्याएवढा गंज दिसला तर मीठ-तेलाने घासला की जातो.